लोअरिंग स्प्रिंग बसवताना लिंक रॉडची चूक टाळा: पहिल्या मापापासून शेवटच्या नटापर्यंत

दर महिन्याला दोन-तीन गाड्या तरी एकाच तक्रारीसाठी दारात येतात. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, गाडी झकास बसली आणि पंधरा दिवसांत पुढच्या डाव्या चाकातून खट-खट सुरू झाली. परवा कागलहून एक पोरगा आला. "दादा, स्प्रिंगच डुप्लिकेट निघाली बघा." म्हटलं, स्प्रिंग राहू दे, आधी लिंक हलवून बघू. लिंक रॉडचा वरचा नट हाताने फिरत होता आणि बॉलचा रबरी बूट पिळून फाटला होता. स्प्रिंग एकदम चांगली होती.

स्प्रिंग बदलणं लोक शिकून घेतात. चुकतो तो क्रम. कुठला नट गाडी हवेत असताना आवळायचा, कुठला चाकांवर वजन आल्यावर, दोन्ही लिंक एकदम का सोडायच्या, लिंक आखूड घ्यायची की लांब, हे कुणी नीट सांगत नाही. ते सगळं इथे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. गाडी धरली आहे ती आपल्याकडची नेहमीची हॅचबॅक, म्हणजे स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो यांच्यासारखी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधी एवढं. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी वाकडी पोलादी कांब म्हणजे स्टॅबिलायझर बार. काही मिस्त्री तिला बॅलन्स रॉड म्हणतात. तिच्या टोकापासून शॉकअपपर्यंत किंवा लोअर आर्मपर्यंत (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात) जाणारी, दोन्ही टोकांना बॉल असलेली काडी म्हणजे लिंक रॉड.

टप्पा १: किती खाली न्यायची ते मापून ठरवा

बहुतेक हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) १६० ते १७० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यातले ५० गेले की चार माणसं आणि सामान भरून कोल्हापुरात रोज गाडी चालवणं अवघड होतं. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटर पुरे. दिसण्यात फरक पडतो, वळणावर गाडी कमी झुकते आणि मूळच्या शॉकअपला काम करायला जागा उरते.

स्पीड ब्रेकरचा हिशोब एकदा डोक्यात बसवून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल हंप १०० मिलिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर आहे. त्यामुळे गाडी बरोबर मध्यावर आली की चारही चाकं हंपवरच असतात आणि पोटाखाली फक्त ४४ मिलिमीटरची फुगवटी येते. अशा हंपवर खाली बसवलेली गाडीसुद्धा आरामात जाते. आपल्या गावाकडच्या रस्त्यांवर कुणीतरी हौसेने घातलेला अरुंद उंचवटा मात्र वेगळा. तिथे पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढलेली नसतात आणि त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. उसाच्या सीझनमध्ये ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्याही तशाच. दोन चाकं चाकोरीत आणि मधला उंचवटा थेट इंजिनखाली. रोजचा रस्ता असा असेल तर २५ च्या पुढे जाऊच नका.

आता मापं घ्या. सपाट फरशीवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, गाडीत माणूस नसताना. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका, कारण टायरच्या हवेने आणि झिजेने ते माप बदलतं. चारही आकडे कागदावर लिहा, टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा. हा कागद शेवटच्या टप्प्यापर्यंत लागणार आहे.

*सावधान:* असलेली स्प्रिंग गॅस कटरने कापून किंवा तापवून गाडी खाली नेऊ नका. उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचं टेंपर (कडकपणा) जातं. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

आमच्याकडे पाऊस चार महिने धरून पडतो आणि चाकाच्या आत चिखल वर्षभर साचलेला असतो. लिंकचे नट त्याच चिखलात गंजतात. म्हणून आदल्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. संध्याकाळी तारेच्या ब्रशने थ्रेड साफ करा आणि गंज सोडवणारं तेल मारा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा मारा. सकाळी निम्मं भांडण संपलेलं असतं.

सामान:

- चार लोअरिंग स्प्रिंग, तुमच्याच मॉडेलच्या आणि इंजिनच्या. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पेट्रोलच्या पुढच्या स्प्रिंग डिझेलला चालत नाहीत.
- नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले). एकदा काढलेल्या नायलॉकची पकड कमी होते.
- ४०-५० हजार किलोमीटर झाले असतील तर स्ट्रट माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारं रबर) आणि डस्ट बूट. शॉकअप एकदा उघडला की हे बदलायला वेगळी मजुरी पडत नाही.
- दोन मजबूत स्टँड, ट्रॉली जॅक, चाकाला लावायला लाकडी ठोकळे.
- चांगल्या प्रतीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर. यात पैसे वाचवू नका.
- गोटी पाने, रिंग पाने, ५ आणि ६ नंबरची ॲलन की, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना), पेंट मार्कर, बांधायची तार.

ॲडजस्टेबल, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारी, लिंक रॉड या यादीत मुद्दाम टाकलेली नाही. ती लागते की नाही हे गाडी खाली बसल्यावरच कळतं. २५-३० मिलिमीटरला बऱ्याच गाड्यांना मूळची लिंक चालून जाते.

*तपासा:* मूळच्या लिंकचे रबरी बूट बघा. बूट फाटलेला असेल किंवा बॉल हाताने ढिला हलत असेल, तर दोन्ही बाजूंच्या लिंक नव्या घ्या. एकच बदलली की दुसरी महिनाभरात बोलायला लागते.

टप्पा ३: गाडी उचलणे

पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी हवेत हवीत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. स्टॅबिलायझर बार म्हणजे पिळायची स्प्रिंगच आहे. एक चाक वर आणि दुसरं जमिनीवर असलं की बार पिळलेला असतो आणि तो पीळ दोन्ही लिंकवर येतो. अशा वेळी नट सोडला तर बारचं टोक झटक्याने उडतं. जोडताना भोक समोर येत नाही. मग माणूस टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढतो, हातोडा मारतो, बॉलचे थ्रेड बिघडवतो आणि तीच लिंक पुढच्या आठवड्यात खटखटते.

क्रम असा ठेवा. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले. मग गाडी उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही बाजूंना स्टँड. गाडीला हाताने चांगला धक्का देऊन बघा, नंतरच चाकं काढा. काढलेलं एक चाक आडवं करून सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) खाली सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर टेकते, माणसावर येत नाही.

टप्पा ४: लिंक सोडणे

आधी दोन्ही बाजूंच्या लिंकची वरची टोकं सोडा, मग शॉकअपकडे वळा. लिंकचा नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरतो आणि इथेच बहुतेकांचा संयम सुटतो. बॉलच्या दांड्याच्या टोकाला ॲलन कीचा खाचा असतो, काही गाड्यांत बुटाच्या मागे पाना लावायला सपाट बाजू असतात. ॲलन कीने दांडा स्थिर धरा आणि रिंग पान्याने नट फिरवा. खाच्यातला चिखल आधी टोकदार सुईने पूर्ण कोरून काढा. अर्धवट बसलेली की खाचा गोल करते आणि मग कटिंगशिवाय इलाज राहत नाही.

एअर गन इथे लावू नका. बॉल गरगर फिरतो, बूट पिळून फाटतो आणि आतलं ग्रीस बाहेर येतं. वरून काही दिसत नाही. पावसाळा आला की आवाज येतो. कागलच्या त्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

टप्पा ५: शॉकअप बाहेर काढणे

ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर शॉकअपच्या क्लिपमधून मोकळी करा. शॉकअप आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट काढण्याआधी पेंट मार्करने त्यांच्या डोक्याभोवती आणि कडेवर खूण करा. त्या भोकांत थोडा खेळ असतो आणि तेवढ्यानेही चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर उभा कल) बदलतो.

बोल्ट निघताच नकल बाहेर पडायला बघते. तिला तारेने सैलसर बांधून ठेवा. नकल जास्त बाहेर आली तर एक्सलचा आतला जॉइंट त्याच्या कपातून निसटू शकतो आणि दुपारचं काम दोन दिवसांवर जातं. ब्रेक कॅलिपर कधीही पाइपवर लोंबकळू देऊ नका.

आता बॉनेटखालचे माउंटचे नट. शेवटचा नट सोडताना एक हात खाली शॉकअपला धरलेला हवा.

*सावधान:* माउंटच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटाला अजून हात लावायचा नाही. तो नट दाबलेली स्प्रिंग धरून बसलेला आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये येण्याआधी तो निघाला तर वरचा कप तोंडावर येतो.

टप्पा ६: स्प्रिंग बदलणे

कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक बरोबर समोरासमोर लावा आणि शक्य तितके वेढे पकडा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, दोन-दोन फेरे, हाताने. एअर गनने एका बाजूने आवळत गेलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक निसटतो. स्प्रिंगचं तोंड स्वतःकडे किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे नको, भिंतीकडे करा. वरच्या कपावरचा दाब पूर्ण गेला आणि कप हाताने फिरायला लागला की मधला नट काढा, पिस्टनचा दांडा ॲलन कीने धरून.

सुटे भाग निघतील त्याच क्रमाने गोणपाटावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. बेअरिंगला वरची आणि खालची बाजू असते. ते उलटं बसलं की स्टिअरिंग जड होतं आणि चाक वळवताना स्प्रिंग "टंग्ग" करते.

बंप स्टॉपरबद्दल स्प्रिंगच्या कंपनीने दिलेला कागद वाचा. काही संचांसोबत आखूड स्टॉपर येतो, काहींत मूळचा किती कापायचा ते लिहिलेलं असतं, काहींत कापायचाच नसतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे शॉकअपचा दबायचा प्रवासही तेवढाच कमी झाला. जुना लांब स्टॉपर तसाच राहिला तर गाडी प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटते आणि लोक म्हणतात, स्प्रिंग फार कडक आहे. उलट, स्टॉपर अजिबात न टाकणं त्याहून वाईट, मग लोखंडावर लोखंड बसतं आणि शॉकअपचा सील जातो.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलेलं हवं. वरचा कपही तसाच. स्प्रिंगवरची छापील अक्षरं सरळ वाचता आली की सहसा स्प्रिंग सुलटी असते. मधला नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि मगच कॉम्प्रेसर हळूहळू सोडा.

*तपासा:* शॉकअप पूर्ण लांब झालेला असताना स्प्रिंग हाताने वर-खाली हलता कामा नये. ती सैल खेळत असेल तर हा संच तुमच्या शॉकअपसाठी नाही. तो परत करा.

टप्पा ७: पुन्हा जोडणे, पण शेवटचं आवळणं नाही

वरचे माउंटचे नट आधी हाताने. मग नकलचे बोल्ट पेंटच्या खुणेवर आणून टॉर्क रेंचने पुरे आवळा. इथे लोखंडावर लोखंड आहे, त्यामुळे गाडी हवेत असताना आवळलं तरी चालतं. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये परत. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाइप कुठे ताणला जातोय का ते बघा.

लिंक आता दोन्ही बाजूंनी लावा, दोन्ही चाकं लोंबत असतानाच. बारचं टोक हाताने वर-खाली केलं की बॉलचा दांडा सहज भोकात जायला हवा. नट हाताने बसवून थोडासाच आवळा. लोअर आर्मचा आतला बोल्ट कामात ढिला केला असेल तर तोही असाच ठेवा.

टप्पा ८: मागची बाजू

हे सोपं आहे. पुढची चाकं खाली घेऊन त्यांना ठोकळे लावा आणि मागून गाडी स्टँडवर घ्या. टॉर्शन बीमखाली जॅक टेकवा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवा. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणत नाही ना, याच्याकडे डोळा ठेवा. स्प्रिंग हाताने निघते. तिच्या वरच्या-खालच्या रबरी बैठका नव्या स्प्रिंगवर चढवा. त्या विसरल्या की मागून कर्र-कर्र ऐकत बसावं लागतं. बोल्ट घालून हलके आवळा.

अशा गाड्यांत मागे वेगळी लिंक रॉड सहसा नसते. बार असलाच तर तो बीमच्या आत असतो.

टप्पा ९: वजन चाकांवर घेऊन आवळणे

माझ्या स्वतःच्या गाडीला पहिल्यांदा स्प्रिंग टाकल्या तेव्हा उद्यमनगरातल्या एका मित्राच्या शेडमध्ये मी सगळे नट गाडी हवेत असतानाच कचकून आवळले होते. काम पक्कं झालं असं वाटलं. चार महिन्यांत लोअर आर्मचे दोन्ही बुश फाटले. कारण साधं आहे. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. रबर सरकत नाही, फक्त पिळतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर लोंबती जागाच त्याची आरामाची जागा होते. मग गाडी जमिनीवर आली की ते रबर चोवीस तास पिळलेल्या अवस्थेत राहतं. दाराशी उभ्या गाडीतही.

म्हणून चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, चाकाचे नट टॉर्कने आवळा. पुढून-मागून गाडी पाच-सहा वेळा दाबा आणि दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतील. मग पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) किंवा अलाइनमेंटच्या चार खांबी लिफ्टवर घ्या, जिथे गाडी चाकांवर उभी असते. पिट नसेल तर चारही चाकांखाली रुंद, सपाट लाकडी फळ्या रचून गाडी वर घ्या. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते अचानक फुटतात.

आता या क्रमाने आवळा: लोअर आर्मचे बोल्ट, मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट, माउंटचे वरचे नट आणि सर्वांत शेवटी लिंक. एम-१० (१० मिलिमीटर व्यासाच्या) मापाच्या लिंक नटला साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर लागतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. प्रत्येक आवळलेल्या नटावर पेंटची आडवी रेघ मारा. पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पुन्हा चारही मापं घ्या. डाव्या-उजव्यात ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल आणि पहिल्या कागदावर तो नसेल, तर कुठलीतरी स्प्रिंग पायरीला टेकलेली नाही.

टप्पा १०: लिंक आखूड की लांब?

"गाडी खाली नेली की आखूड लिंक टाकायची" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि निम्म्या गाड्यांना तो उलटा पडतो. गाडीखाली जाऊन डोळ्यांनी बघा.

गाडी खाली बसली म्हणजे बॉडीच्या हिशोबाने चाक वर आलं. लिंक चाकाच्या बाजूला जोडलेली असल्याने बारचं टोकही वर आलं. लिंक जर शॉकअपपासून खाली बारपर्यंत लोंबत असेल, तर बार मूळच्या कोनात आणायला लिंक लांब लागते. लिंक जर लोअर आर्मपासून वर बारपर्यंत जात असेल, तर आखूड लागते. भूमिती एवढीच आहे.

पण कोनापेक्षा महत्त्वाचं आहे ते बार कुठे घासतोय का. एक्सलही बॉडीच्या मानाने वर सरकलेला असतो. बारचा हात एक्सलच्या वरून जात असेल तर बार वर न्यावा लागतो, खालून जात असेल तर खाली. म्हणजे शॉकअपवरची लिंक आणि वरून जाणारा बार असेल, तर कोन सुधारायला लांब लिंक हवी आणि जागा मोकळी करायला आखूड. दोन्ही एकदम मिळत नाही. अशा वेळी मी जागेला पहिला मान देतो. कोन थोडा चुकला तर बारचं काम थोडं बदलतं. बार एक्सलला लागला तर एक्सल खरवडतो आणि पूर्ण भाराखाली आदळतो.

जागा मोजायची सोपी युक्ती: कणकेचा गोळा. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे बार आणि एक्सल यांच्या मधल्या जागेजवळ बारवर चिकटवा. तसेच टाय रॉडजवळ (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी काडी). मागे दोन माणसं, पुढे दोन माणसं बसवून गाडी सावकाश, मोकळ्या मैदानात एका उंचवट्यावरून न्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग गोळे बघा. कणीक दबून बोटाच्या जाडीपेक्षा पातळ झाली असेल तर मूळची लिंक पुरत नाही. गोळे फिरत्या एक्सलवर लावू नका, ते उडून जातील.

ॲडजस्टेबल लिंक घेतली तर हे पाळा:

- गाडी चाकांवर उभी असतानाच लांबी ठरवा. आधी एक बाजू पूर्ण जोडा. दुसऱ्या बाजूची लिंक इतकीच फिरवा की बॉलचा दांडा दोन बोटांनी भोकात जाईल. जोर लावून घातली तर बार कायमचा पिळलेला राहतो आणि गाडी डाव्या वळणावर एक, उजव्या वळणावर दुसरी वागते.
- दोन्ही टोकांचा थ्रेड व्यासाच्या किमान दीडपट आत हवा. एम-१० ला १५ मिलिमीटर, एम-१२ ला १८.
- चेकनट (ठरवलेली लांबी पक्की करणारा नट) आवळताना दोन्ही बॉलची तोंडं एका रेषेत धरा. तिरकी राहिली तर चाक लोंबलं की बॉल अडकतो आणि दांडा तुटतो.
- शेवटी पुन्हा पुढची दोन्ही चाकं हवेत घेऊन, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बॉल कुठे टेकत नाही ना ते बघा.

उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं याचा आम्हाला अभिमान आहे. तरी जुनी लिंक कापून मध्ये तुकडा वेल्ड करून घेऊ नका आणि शॉकअपच्या नळीवर नवा ब्रॅकेटही वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेने शॉकअपच्या आतलं तेल, सील आणि नळीची गोलाई सगळंच बिघडतं.

टप्पा ११: अलाइनमेंट, हेडलाइट, चाचणी

नव्या स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात. म्हणून त्याच दिवशी टो (वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) अंदाजे बरोबर करून घ्या आणि २००-३०० किलोमीटरनंतर पक्कं अलाइनमेंट करा. गाडी खाली आल्यावर टो बदलतो आणि टायरची आतली कड खाणारा मुख्य चोर तोच. कॅम्बर थोडा वाढलेला असतो, त्याने एवढं नुकसान होत नाही. प्रिंटआउट मागून घ्या. "झालंय बघा" एवढ्यावर पैसे देऊ नका.

हेडलाइटही भिंतीसमोर उभी करून पुन्हा लावून घ्या, खास करून फक्त पुढचीच बाजू जास्त बसली असेल तर.

चाचणीला मी फुलेवाडीकडून बालिंग्यापर्यंत आधी हळू जातो, खिडक्या खाली, म्युझिक बंद. लहान खड्ड्यांत ऐकायचं असतं. सगळं गप्प असेल तर मग वाघबीळमार्गे पन्हाळा. चढावर डावी-उजवी वळणं सारख्या वेगाने घ्या आणि गाडी दोन्हीकडे सारखीच झुकते का बघा. उतरताना ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढत नाही ना, तेही.

आवाजावरून दोष ओळखता येतो. लहान खड्ड्यात, कमी वेगात, एका बाजूने खट-खट म्हणजे बहुतेक वेळा लिंकचा नट. दोन्ही चाकं एकदम हंपवर चढताना आवाज येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो, तर लिंक जवळजवळ नक्की, कारण दोन्ही चाकं सोबत हलली की बार मोकळा फिरतो आणि लिंकवर भार येत नाही. स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवताना टंग्ग म्हणजे माउंटचं बेअरिंग किंवा पायरीवर न बसलेली स्प्रिंग. मोठ्या खड्ड्यात एकच बोथट धप्प म्हणजे बंप स्टॉपर. लोक यातला पहिला आवाज ऐकून शॉकअप बदलतात, पाच-सहा हजार घालवतात आणि आवाज तसाच राहतो.

३०० किलोमीटर झाले की अलाइनमेंटच्या लिफ्टवरच सगळ्या पेंटच्या रेघा बघा, टॉर्क रेंच एकदा फिरवा, चारही चाकांची मापं पुन्हा घेऊन त्याच कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहा. तो कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवा. मूळच्या स्प्रिंग आणि स्टॉपर तेल लावून गोणपाटात बांधा, वर डावी-उजवी, पुढची-मागची लिहून माळ्यावर टाका. गाडी विकताना किंवा पूर्ववत करायची वेळ आली की त्याच लागतात.